दोरा दिसू नये म्हणून

ध्रुवयानाला दोरा होता. पांढरा, बारीक दोरा. यान डावीकडं वळलं की तो जरासा सैल पडायचा आणि यान पाळण्यावरच्या लाकडी चिमणीसारखं हलायचं. निपाणीत हे गुपित आम्हा तिघांनाच ठाऊक आहे, असं मी पस्तीस वर्षं धरून चाललो होतो. एक मी, टीव्ही दुरुस्त करणारा. दुसरे एक वकीलसाहेब. आणि तिसरी आमच्या मागच्या गल्लीतली, विड्या वळणारी आक्का.

संपादकांनी सांगितलं, दुकानातले अनुभव लिहा. आमच्या धंद्यात अनुभव म्हणजे पाठीमागून उघडलेले सेट आणि समोर चिडलेली माणसं. किती सेट बरे केले याची नोंद मी ठेवलेली नाही. पण चांगला चाललेला सेट मी आयुष्यात एकदाच, मुद्दाम, माझ्या हातानं बिघडवला. तो मात्र दिवस, वेळ आणि वाऱ्याच्या दिशेसकट लक्षात आहे. तेवढंच लिहितो.

माझं दुकान निपाणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. मूळचा मी खानापूर तालुक्यातला. आमच्या गावात वीज उशिरा आली आणि टीव्ही त्याहून उशिरा. मी पहिला टीव्ही बघितला तो बेळगावात काम शिकायला गेल्यावर, आणि तोही मागून, झाकण काढलेला. पुढून काय दिसतं ते नंतर कळलं. त्यामुळं पोरवयात जे बघायचं ते माझं राहूनच गेलं होतं. चोविसाव्या वर्षी, निपाणीत स्वतःचं दुकान टाकल्यावर, दर रविवारी सकाळी अर्धा तास मी ते भरून घेतलं.

मालिका हिंदीत असायची, दिल्लीहून यायची. ध्रुवयान नावाचं यान, त्यावर कॅप्टन निशीथ. कॅप्टन अंतराळात वाट चुकलेला. इकडं पृथ्वीवर त्याची लेक मुन्नी, दर भागाच्या शेवटी मायक्रोफोनजवळ तोंड नेऊन विचारायची, "बाबा, सुन रहे हो?" मग नुसती खरखर. मग नावं. बाकीची करमणूक म्हणाल तर अशी की यानाच्या भिंतीवर घरातलीच बटणं होती, तीन पिनांच्या सॉकेटसकट. यान उडवायला कॅप्टन जे बटण दाबायचा ते दारावरच्या घंटेचं होतं. बरोबरच्या यंत्रमानवाच्या छातीवर जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची डायल बसवलेली. तसल्या डायलीचे दोरे मी स्वतः कितीदा बदलले होते. उल्का आदळली की सगळे उजवीकडं कलायचे, फक्त एक जाडा शास्त्रज्ञ डावीकडं कलायचा. ग्रह कुठलाही असो, त्याच्यावर दगडाची तीच खाण आणि तेच एक बाभळीचं झाड.

हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मुन्नीचा आवाज आला की मीही त्या खरखरीत उत्तर शोधायचो. हसा हवं तर.

आता धंद्याचं थोडं सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना छपरावरची अँटेना ठाऊक नाही. ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्या लावलेला एक दांडा, लोखंडी पाइपवर चढवलेला. तिथून एक चपटी वायर खाली सेटपर्यंत. काड्यांचं तोंड मनोऱ्याकडं असलं तर चित्र, नसलं तर मुंग्या. मुंग्या म्हणजे पडद्यावर काळेपांढरे ठिपके वळवळायचे त्या. मी छपरावर, घरातलं एक माणूस सेटसमोर, एक अंगणात. समोरचं ओरडणार, "आलं! आलं! गेलं!" अंगणातलं तेच वर सांगणार. माझं अर्धं आयुष्य या तीन शब्दांत गेलं.

निपाणीची गंमत अशी की आमच्या अँटेनेला दोन दिशा होत्या. वर कोल्हापूरकडचा मनोरा, खाली बेळगावकडचा. रविवारी सकाळी दोन्हीकडून दिल्लीचा तोच कार्यक्रम यायचा. पण कुणाच्या छपरावरच्या काड्या कुठं तोंड करून आहेत, यावरून घरातला माणूस सीमावादात कुठल्या बाजूचा हे गल्लीतले लोक ठरवायचे. वकीलसाहेबांच्या घराच्या कोल्हापूरकडच्या अंगाला तंबाखूची उंच वखार होती. त्यांच्या सेटवर कायम मुंग्या. मी म्हणायचो, साहेब, बेळगावकडं फिरवू, लख्ख दिसेल. ते म्हणायचे, "मुंग्या चालतील, पण तोंड फिरणार नाही."

एका शनिवारी ते स्वतः दुकानात आले. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "सदाशिवराव, उद्या सकाळी अर्धा तासच फिरवा. पोरांना ते यान बघायचंय. संपलं की परत जसंच्या तसं."

मी फिरवलं. चित्र असं लख्ख आलं की वकीलसाहेबांनी चहा दिला. पुढच्या शनिवारी ते रागावून हजर.

"रेघ येतेय."

"कसली रेघ?"

"यानाच्या वर, उभी. कोल्हापूरकडं तोंड होतं तेव्हा नव्हती. हे बेळगावकडनंच येतंय. मी अर्ज लिहिणार आहे."

मी सेट उघडला. ट्यूब तपासली, वायर बदलली. रविवारी परत रेघ. परत उघडला. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडायला लागला आणि माझाही. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या पोरांत मांडी घालून बसलो. यान आलं, डावीकडं वळलं आणि रेघ सैल पडली. मी साहेबांना खुणेनं बाहेर बोलावलं आणि सांगितलं की ही रेघ बेळगावची नाही, दिल्लीचीच आहे, आणि ती रेघ नाही, दोरा आहे. त्यांचा हात खिशाकडं गेला. अर्जाचा कच्चा मसुदा तिथं होता.

"पोरांना सांगू नका," ते म्हणाले. "फिरवा परत. मुंग्याच बऱ्या होत्या."

त्या दिवशी मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट कळली. चित्र किती स्वच्छ करायचं हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या मनावर असतं. मी रविवारची वेगळी सेटिंग बसवली. कॉन्ट्रास्ट थोडा खाली, फाइन ट्यूनिंग केसभर बाजूला. माणसांचे चेहरे ओळखू येतात, दोरा विरून जातो. ज्या घरात लहान पोरं होती तिथं मी न विचारता ती करून द्यायचो. स्वच्छ चित्राचा मेकॅनिक म्हणून माझं नाव होतं, आणि आठवड्यातला अर्धा तास मी गावभर चित्र मुद्दाम अंधुक करत होतो.

आक्काचा सेट ब्लॅक अँड व्हाइट होता. ती ज्याच्याकडं विड्या द्यायची त्या व्यापाऱ्यानं रंगीत घेतला, तेव्हा जुना हिच्याकडं आला. आक्का माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची, तिची स्वतःची मुलगी रेखासुद्धा. रविवारी सकाळी गल्लीतल्या सातआठ बायका मांडीवर सूप घेऊन तिच्या घरात जमायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याचे दोन वेढे, की विडी सुपात. नजर पडद्यावर, हातांकडं कुणी बघतसुद्धा नसे. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि त्यात तंबाखूची बारीक पूड तरंगायची. पडद्यावरच्या चांदण्या आणि ही पूड, दोन्ही एकाच आकाशातली वाटायची. मी दाराशी उंबऱ्यावर बसायचो. त्या खोलीइतकं निवांत मला पुढं कधी कुठं वाटलं नाही.

पहिल्याच रविवारी आक्कानं पडद्याकडं बघत, ओठ न हलवता मला विचारलं, "सदा, त्या यानाला वर काय बांधलंय रं?"

"काही नाही आक्का."

"मला शिकवू नगंस. दिवसभर हातात दोरा असतोय माझ्या. पिळाचा हाय का साधा, तेबी सांगंन." मग कोपऱ्यात बसलेल्या रेखाकडं डोळ्यानं दाखवून म्हणाली, "तिला दिसू देऊ नगं. घालव की काय करून."

मी उठून कॉन्ट्रास्ट खाली केला. रेखा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की वळलेल्या विड्यांची टोकं दुमडायला बसायची. तिचा बाप ट्रकवर होता. बेंगळूरकडं माल घेऊन गेला तो दोन वर्षं आला नव्हता. हुबळीकडं त्यानं दुसरं घर केलंय हे हायवेवरच्या ड्रायव्हर लोकांकडून आक्काला कळलं होतं, मलाही कळलं होतं. रेखाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मालिका सुरू झाल्यावर एके दिवशी ती पोर आपणहून म्हणाली, "आमचं आप्पाबी असंच वाट चुकल्यात." आक्कानं मान हलवली. त्या दिवसापासून कॅप्टन निशीथ आणि रेखाचा आप्पा यांचा प्रवास एकच झाला.

मालिका संपत आली. शेवटून दुसऱ्या भागात यानाला आग लागली, कॅप्टनचा आवाज तुटत तुटत बंद झाला, मुन्नीनं तीनदा विचारलं, "बाबा, सुन रहे हो?" आणि खरखर. रेखा त्या दिवशी जेवली नाही असं आक्का म्हणाली.

मधल्या आठवड्यात वकीलसाहेब दुकानात आले आणि खात्रीनं म्हणाले, "मरतो. कॅप्टन मरतो शेवटी. पेपरात छापून आलंय, मी स्वतः वाचलं." वकिलाचा शब्द आणि वर पेपराचा. मी दुपारी जाऊन आक्काला सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं मला सांगायला. आजही मला या एका फेरीचा पश्चात्ताप होतो.

आक्काचे हात थांबले. मी ते थांबलेले पहिल्यांदा बघितले.

"मग मी ह्या पोरीला काय सांगू रं?" ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, रोज एकच सांगत आलेय. लांब गेल्यात, वाट घावली की येतील. आता हिच्या डोळ्याम्होरं त्यो मेला तर ही काय समजंल?"

मी म्हणालो, त्या दिवशी तिला कुठंतरी पाठव. ती म्हणाली, "कुठं जातीय ती? दोरीनं बांधली तर दोरी तोडून यील." शेवटी खाली बघून म्हणाली, "सदा, तू टीव्हीच बंद पाड."

मी नाही म्हणालो. डॉक्टरला कुणी म्हणावं की याला आजारी पाडा, तसं ते होतं. आक्कानं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि दोऱ्यानं पडलेली एक बारीक खाच. "नाव येऊ दे," ती म्हणाली, "गाणं येऊ दे, मग घालव. वाऱ्यानं गेलं म्हनून सांग. तुझ्या पाया पडते."

त्या रविवारी वारा पूर्वेकडून होता. मी आधीच कौलांवर चढून बसलो, अँटेना घट्ट करायच्या निमित्तानं. खाली सगळ्या बायका, सुपं, आणि सेटच्या अगदी पुढ्यात रेखा. गाणं सुरू झालेलं मला वर ऐकू आलं. नावं संपली. मी काड्या हळूहळू फिरवल्या, पूर्वेला, जिकडं कुठलाच मनोरा नव्हता. मग वायरचं एक टोक सैल केलं.

खालून एकच ओरडा झाला. रेखा धावत अंगणात आली. "मामा, गेलं! गेलं!"

"बघतोय, बघतोय," मी म्हणालो.

"गेलं... जरा आलं... मामा, गेलं!"

अर्धा तास मी त्या पाइपला धरून उभा होतो. पाइप तापला होता. निपाणीची सगळी छपरं दिसत होती, त्यांवरच्या काड्या काही कोल्हापूरकडं, काही बेळगावकडं, आणि आक्काची एकटीच कुठंही नाही. मध्येच खालच्या खरखरीतून एकदा, फक्त एकदा, मुन्नीचा आवाज स्पष्ट वर आला, "बाबा". पुढचं ऐकू आलं नाही. रेखा ओरडायची थांबली होती. मी खाली बघितलं नाही.

उतरलो तेव्हा बायका वाऱ्याला शिव्या घालत होत्या, दोघीतिघी मलाही. आक्का दारात उभी होती, तिचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा. रेखा रडत नव्हती. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"मामा, पानी घ्या. ऊन लई हुतं वर."

मी प्यालो. तसं पाणी माझ्या घशाखाली परत कधी उतरलं नाही.

दुपारी बारा वाजता वकीलसाहेब दुकानाच्या पायरीवर हसत उभे. "अहो, जिवंत आला की कॅप्टन! पेपरवाल्यानं भलत्याच मालिकेचं छापलं होतं बहुतेक. काय सुंदर शेवट! तुम्ही कुठं बघितलात?"

मी दुकान बंद करून आक्काकडं गेलो. तिनं ऐकलं, सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. "आला?" एवढंच म्हणाली. "आला, आनि आपनच..." मग रेखाला हाक मारून मला म्हणाली, तू सांग. मी सांगितलं, कॅप्टन परत आला, मुन्नीला भेटला, वकीलसाहेबांनी बघितलं. रेखा विडीचं टोक दुमडत होती. "बरं झालं," ती म्हणाली आणि पुढची विडी उचलली. मालिका परत कधी लागली नाही. मी कितीतरी वर्षं पेपरात कार्यक्रमांची यादी बघत होतो.

सेट आले, गेले. रंगीत आले, केबल आली, अँटेना भंगारात गेल्या, ट्यूब गेली. शेवटीशेवटी नवीन सेट आला की नुसता बोर्ड बदलायचा, आत बघण्यासारखं काही उरलंच नाही. मग मी दुकान बंद केलं आणि बेळगावला मुलाकडं आलो. त्याचं घर सांबऱ्याच्या विमानतळाच्या रस्त्याला आहे. दुपारी व्हरांड्यात आरामखुर्चीत पडलो की विमानं अगदी डोक्यावरून खाली उतरतात. अर्धवट झोपेत मी अजून प्रत्येकाच्या वर बघतो.

गेल्या महिन्यात रेखाचा फोन आला. ती नंदगडला शाळेत विज्ञान शिकवते. आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात झालं होतं, घरी नेता नेता दोघी भेटायला येतो म्हणाली. आक्का काळा चष्मा लावून रिक्षातून उतरली. पासष्ट वर्षांची, पण चाल तीच. माझ्या बायकोनं तिला आत नेऊन बसवलं. रेखा व्हरांड्यात माझ्याजवळ थांबली. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं, डोळ्यांवर चष्मा होता.

"मामा, एक गंमत दाखवायची हाय तुमाला," ती म्हणाली. शाळेत वर्गासमोर ती शुद्ध बोलत असणार, माझ्याशी मात्र तीच भाषा. "ध्रुवयान घावलं मला. कुनीतरी जुन्या कॅसेटवरनं साफसूफ करून इंटरनेटवर टाकलंय. शेवटचा भागबी हाय. मी अजून बघितला न्हाय. तुमच्यासंगं बघायचा म्हनून ठेवलाय."

इतकी वर्षं तिच्या लग्नात, तिच्या मुलाच्या बारशाला, दर वेळी मी ठरवून गेलो होतो आणि न बोलता परत आलो होतो. आता मात्र मला तिच्याबरोबर तो भाग तसाच बसून बघवणार नव्हता.

"रेखा," मी म्हणालो, "त्या दिवशी चित्र वाऱ्यानं गेलं नव्हतं. अँटेना मी फिरवली होती."

ती हसली. "ठावं हाय की."

"तुला आक्कानं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगावं. सकाळचं ऊन हुतं, मामा. तुमची सावली समोरच्या भिंतीवर पडलेली. काड्या फिरताना दिसल्या, मग तुमी वायर सोडली तीबी दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"मागं वळून बघितलं, तर आक्का दारात. तिचं तोंड बघितलं आनि गप झाले." ती रस्त्याकडं बघत पुढं म्हणाली, "तिला वाटायचं मला काय ठावं न्हाय. आप्पांचंबी आनि दोऱ्याचंबी. मामा, मीबी त्याच घरात वाढले न्हवं का. दोरा मला पैल्या दिवशीच दिसलेला. पन ती सारखी तुमाला डोळ्यानं खुनावायची, मग मी कशाला बोलू?"

मी विचारलं, "मग इतकं काय होतं तुझं त्या शेवटच्या भागात?"

"आप्पा येनार न्हाईत ते मला कळलंवतं," रेखा म्हणाली. "कॅप्टन तरी येतोय का, तेवढंच बघायचं हुतं."

वरून एक विमान गेलं. मग मी म्हणालो की माझं चुकलं, मला माफ कर. ती म्हणाली, "तुमाला पानी दिलंवतं की त्या दिवशीच," आणि उठून उभी राहिली. "आक्काला काय सांगू नगा. आता तर न्हाईच."

मुलानं हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लावलाय. त्यानं रेखाच्या मोबाइलवरून काय ते जोडून दिलं. आक्का कोचावर काळ्या चष्म्याआडून नुसती ऐकत बसली, डॉक्टरांनी अजून पडद्याकडं बघू नको म्हणून सांगितलंय. तिची बोटं मांडीवर आपोआप चालत होती, वेढा, वेढा, सुपात. गाणं लागलं. मी पस्तीस वर्षांनी कौलांवरून खाली उतरून खोलीत आलो.

आग विझली. यंत्रमानवाच्या छातीवरची डायल फिरली. सगळे उजवीकडं कलले आणि जाडा शास्त्रज्ञ डावीकडं. मग मुन्नी मायक्रोफोनजवळ आली, "बाबा, सुन रहे हो?" आणि खरखर झाली. रेखानं श्वास धरला होता. खरखरीतून आवाज आला, "सुन रहा हूँ, बेटा." मुन्नी धावत बाहेर गेली. तीच दगडाची खाण, तेच बाभळीचं झाड, आणि आभाळातून ध्रुवयान खाली यायला लागलं. चित्र कुणा पठ्ठ्यानं इतकं साफ केलं होतं की दोऱ्याचा पीळसुद्धा दिसत होता.

मी सवयीनं उठलो आणि सेटच्या बाजूला हात घातला. तिथं कॉन्ट्रास्टचं बटण नव्हतं. तिथं कुठलंच बटण नव्हतं.

"आलं का गं?" आक्कानं विचारलं.

"आलं आक्का. उतरायलंय."

आक्काची बोटं थांबली. "आता तू मोठी झालीस, आता खरं सांग. वरती दोरा दिसतोय का?"

रेखानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच आपला चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "न्हाय गं आक्का. कसला दोरा?"

मीही माझा चष्मा काढला. ध्रुवयान उतरलं, दार उघडलं, आणि कॅप्टन बाहेर आला.